मोजताना विझलेले दिवे

१

पडदा वर गेला आणि रंगमंच दिसेना.

प्रेक्षकांना आधी वाटलं, हीच नाटकाची सुरुवात असेल. हल्ली काहीही असतं. ते गुपचूप बसून राहिले. मग अंधारात काहीतरी धप्पकन पडलं, नायिका "आई गं!" म्हणून ओरडली, आणि ते वाक्य संहितेत नाही हे मला ठाऊक होतं. मी या नाट्यगृहाचा व्यवस्थापक. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा मला कुणी ओळखत नाही, आणि काही बिनसलं की सगळे माझ्याचकडे धावतात.

मी विंगेतला कामाचा दिवा हाताने लावला. नायिका पायरीवर बसून मनगट चोळत होती. खेळ रद्द झाला. रविवारची भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, आणि आमच्याकडे पहिल्याच खेळाला काळोख. जाता जाता एक आजोबा मला म्हणाले, "छान दिवे लावलेत हो तुम्ही." मी काय बोलणार?

दिग्दर्शक मात्र पुष्कळ बोलला. तो प्रेक्षागृहाच्या मागचा जिना चढून थेट लाइट बूथमध्ये घुसला आणि मी त्याच्यामागे धापा टाकत गेलो. आत चिमणी होती. आमची दिवे सांभाळणारी मुलगी. अंगाने लहान चणीची, आवाजाने बारीक, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणतात. ती संगणकासमोर दगडासारखी बसली होती. त्याच्या पडद्यावर तीन ओळी होत्या: तपासणी पूर्ण. सर्व दिवे ठीक. खेळ पूर्ण.

"बघा!" दिग्दर्शक कडाडला. "पडदा उघडायच्या क्षणाला खेळ पूर्ण! हिने मुद्दाम संपवला. परवा वादळाच्या प्रवेशावरून मी हिला चार शब्द सुनावले, त्याचा हा सूड."

"मी फक्त 'सुरू'चं बटण दाबलं," चिमणी म्हणाली. "त्याच्यापुढे कशालाही हात लावला नाही."

नाट्यगृहाच्या मालकीणबाई शांत स्वभावाच्या आहेत, आणि तेच त्यांचं भयंकर आहे. त्या म्हणाल्या, "शनिवारी पुढचा खेळ आहे. तोवर खरं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मुलीला निरोप द्या. नाटकाच्या जगात ती पुन्हा उभी राहणार नाही हे मला कळतं, पण अंधारात माणसं पडायला लागली तर मीही उभी राहणार नाही."

निरोपाचं पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बूथला दार एक, आणि खेळाच्या वेळी आत चिमणी एकटी. मला दुसरं कारण दिसत नव्हतं.

२

त्या दिवशी प्रेक्षकांत माझी बायको होती, आणि तिची धाकटी बहीणही. मेहुणीचा धंदा विचित्र आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मोडून दाखवण्याचा तिला पगार मिळतो. एका हॉस्पिटलसाठी ती हे करते आणि घरी आली की तोच प्रयोग माझ्यावर करते.

"भावोजी, पडद्यावर नक्की 'पूर्ण' होतं? 'थांबवला' नाही?"

"पूर्ण, थांबवला, काय फरक पडतो? दिवे लागले नाहीत ते नाहीतच."

"तुम्ही जेवण पूर्ण करता तेव्हा आणि ताई तुमच्यासमोरचं ताट उचलते तेव्हा, दोन्हीत फरक नसतो?"

बायको हसली. मेहुणीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूथमध्ये हजर झाली. चिमणीचे डोळे सुजलेले होते. मेहुणीने तिला आधी पाणी प्यायला लावलं, मग विचारलं, "रविवारी काय काय केलंस ते सांग. तुला क्षुल्लक वाटतं तेसुद्धा."

कुठल्या क्षणी कुठला दिवा किती उजळायचा, त्या प्रत्येक सूचनेला आम्ही क्यू म्हणतो. चिमणीने सांगितलं, की या नाटकाचे सगळे क्यू ती एका फंक्शनला देते. फंक्शन म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा. त्या फंक्शनचं नाव 'चालव'. ते क्यू घेतं आणि तिच्या इशाऱ्यागणिक एकेक दिवा लावत जातं. तिसऱ्या घंटेच्या आधी, पडदा बंद असताना, ती त्याच फंक्शनकडून तपासणी करून घेते. प्रत्येक दिवा क्षणभर उजळतो, मोजला जातो. मग ते तयार होऊन इशाऱ्याची वाट बघत बसतं.

"तालमीतही तपासणी करतेस?"

"नाही. दिग्दर्शकांना तेवढा धीर नसतो. म्हणतात, तालमीत वेळ घालवू नकोस."

मेहुणीने खेळ मध्येच बंद करण्याचं बटण दाबून पाहिलं. पडद्यावर आलं: खेळ थांबवला. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. मीही हसलो. पत्र लिहावं लागणार नाही म्हणून जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. "चालवून दाखव," तो चिमणीला म्हणाला. तिने तालमीत चालवायची तसंच चालवलं. पहाटेचा केशरी दिवा लागला, मग खिडकीचा, मग अंगणाचा. एकही चुकला नाही.

"यंत्र निर्दोष आहे," दिग्दर्शक थंडपणे म्हणाला. "कुठलं बटण दाबलं ते मला कळत नाही, पण यंत्र निर्दोष असेल तर गुन्हेगार माणूस असतो. आणि इथे माणूस एकच होता."

चिमणीचा चेहरा पांढरा पडला. तिच्याच दिव्यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

३

मेहुणी मुळीच खचली नाही. उलट खूश दिसली, आणि त्याचा मला राग आला.

नायिका मनगटाला पट्टी बांधून रंगपटात बसली होती. तिचा चिमणीवर राग नव्हता. "मुद्दाम करणारी मुलगी नाही ती. वादळाच्या प्रवेशाचं भांडणही माझ्यासाठीच होतं. दिग्दर्शकांनी सांगितलेल्या उजेडात माझा चेहराच दिसत नव्हता."

"पडदा उघडायच्या आधी तुम्ही कुठे होता?"

"रंगमंचावरच, माझ्या जागी. ती तपासणी मला फार आवडते. बंद पडद्याआड सगळे दिवे एकेक करून उजळत जातात. अगदी नाटकाच्या क्रमाने. केशरीपासून शेवटच्या निळ्यापर्यंत. बघता बघता माझी सगळी भूमिका मनातल्या मनात होऊन जाते."

"शेवटचा निळासुद्धा लागला? नक्की?"

"नक्की. निळा गेला आणि तिसरी घंटा झाली."

मेहुणी उठून थेट संगणकवाल्याकडे निघाली. हा मालकीणबाईंचा पुतण्या, हुशार, उंच, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न शकणारा. 'चालव' हे फंक्शन त्याने दोन वर्षांपूर्वी पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नाटकात तेच वापरात होतं.

"त्या फंक्शनला मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "मागची सगळी नाटकं त्याच्यावरच झाली. तपासणीसकट. कधी ठेच लागली नाही."

"मग या नाटकात नवीन काय?"

"फंक्शनमध्ये काहीच नाही. फक्त त्याला क्यू देण्याची पद्धत बदलली. पूर्वी सगळे क्यू एका लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, मांडून द्यायचो. या नाटकात क्यू खूप आहेत आणि बूथमधला संगणक म्हातारा. सगळं एकदम उचलायला लावलं की त्याला धाप लागते. म्हणून या वेळी जनरेटर दिला. आपण मागू तेव्हा तो एकेक क्यू सांगतो. ओझं नाही."

"आणि 'चालव'ला चाललं?"

"पायथनला काय, लिस्ट द्या, टपल म्हणजे न बदलता येणारी लिस्ट द्या, जनरेटर द्या. एकेक वस्तू घेत जाणारा फॉर लूप सगळ्यांवर सारखाच फिरतो. तेच तर त्याचं सौंदर्य." मग त्याने मान झुकवून हळूच सांगितलं, "संशयच घ्यायचा तर मामांचा घ्या. रविवारी ते बूथच्या जिन्यात उभे होते. मी पाहिलं."

४

मामा म्हणजे चिमणीचे सख्खे मामा. संगणक यायच्या आधी या नाट्यगृहाचे दिवे तेच सांभाळत. उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांड्या हाताने वरखाली करून त्यांनी हयात काढली. पडदा उघडण्याआधी प्रत्येक दिवा लावून मोजायचा हा शिरस्ता त्यांचाच, आणि चिमणीला हाताला धरून दिवे शिकवले तेही त्यांनीच. संगणक आला आणि मामा घरी बसले. त्यांना तो डोळ्यांसमोर नको असायचा.

ते आता नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात जुन्या स्पॉटलाइटची काच पुसत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही येणार हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "उगाच पोरीला छळू नका. मी केलं ते."

"काय केलंत, मामा?" मेहुणीने विचारलं.

"जिन्यातला मेन स्विच पाडला. संगणकाचा राग होता. झालं समाधान? लिहा पत्र, माझ्या नावाने लिहा."

मेहुणी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "मामा, त्या स्विचवर काय काय चालतं?"

"सगळे दिवे. बूथसुद्धा."

"मग बूथमधला संगणकही बंद पडला असता. त्याच्या पडद्यावर 'खेळ पूर्ण' हे कुणी लिहिलं?"

मामांनी फडकं पुन्हा उचललं आणि पुसलेलीच काच पुसायला लागले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस पकडला गेला की किती केविलवाणा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"तिचा बाप लवकर गेला," ते म्हणाले. "मीच वाढवलं तिला. रविवारी जिन्यात उभा होतो तो तिचे दिवे बघायला. दिव्यांशिवाय तिला दुसरं काही येत नाही, आवडत नाही. तिच्या हातून चुकून काही झालं असेल, घाबरून सांगत नसेल. माझं काय, मी पिकलं पान. माझ्यावर आळ आला तर काय बिघडतं?"

"मामा, म्हणजे तुम्हालाही वाटलं, की मीच केलं?"

चिमणी दारात उभी होती. आम्ही कुणीच तिला येताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी ठपका ठेवला तेव्हा ती रडली नव्हती एवढी तेव्हा रडली, आणि वळून निघून गेली. मामा उठायला लागले, पण त्यांना उठवेना.

मेहुणीने माझा दंड धरला. "भावोजी, सगळ्यांना आत्ता रंगमंचावर बोलवा. या म्हाताऱ्याला आणखी एक तासही असा बसलेला बघवणार नाही मला."

५

सगळे जमले. मालकीणबाई पहिल्या रांगेत बसल्या. चिमणी वर बूथमध्ये होती, मामांकडे न बघता. मेहुणी रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली. इतके प्रेक्षक मिळाल्याचा तिला थोडा आनंदही झालेला असावा.

"चिमणी, आधी मागच्या नाटकाचे क्यू दे. जुनी लिस्ट. तपासणी कर, मग चालव."

दिवे एकेक उजळले, मोजले गेले. मग खेळ सुरू झाला आणि ते क्रमाने लागले.

"आता या नाटकाचे. तपासणी न करता."

केशरी, खिडकी, अंगण. सगळं ठीक.

"आता हेच, तपासणी करून. रविवारी केलंस अगदी तसं."

दिवे एकेक उजळत निळ्यापर्यंत गेले. मग चिमणीने 'सुरू'चं बटण दाबलं. काळोख. वरून तिचा बारीक आवाज आला, "खेळ पूर्ण म्हणतंय, ताई!"

दिग्दर्शक ताडकन उठला. त्या वेळी चिमणीच्या मागे मालकीणबाईंच्या पुतण्याला मुद्दाम उभं केलेलं होतं. तो वरून ओरडला, "तिने कशालाही हात लावला नाही! मी बघतोय!"

"लावायची गरजच नाही," मेहुणी म्हणाली. "घरात पाण्याची टाकी आहे. पाणी पुरेल का हे बघायला तुम्ही तांब्याने मोजून मोजून ते मोरीत ओतलंत. मोजणी अगदी बरोबर आली. पण आंघोळीला बसलात तर टाकी रिकामी. जनरेटर त्या टाकीसारखा आहे. एकेक क्यू सांगतो आणि विसरतो. तपासणीने शेवटचा निळा मागून घेतला तेव्हा तो संपला. मग खेळाने पहिला क्यू मागितला, तर द्यायला काहीच उरलं नव्हतं. काहीच नसलेलं काम क्षणात पूर्ण होतं. फंक्शन खोटं बोललं नाही. खेळ खरोखरच पूर्ण झाला होता, बंद पडद्याआड."

"पण मागच्या नाटकांत..." दिग्दर्शक पुटपुटला.

"तेव्हा लिस्ट होती. लिस्ट म्हणजे टोपलीतली लिंबं. शंभरदा मोजा, टोपलीतच राहतात. आणि तालमीत टाकी होती, पण मोजायला वेळ नाही म्हणून तुम्हीच मोजू दिली नाहीत. म्हणून तालमी चोख झाल्या. टाकी आणि मोजणी, दोघींची गाठ पडली ती रविवारीच."

"मग गुन्हेगार कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. एकाने म्हाताऱ्या संगणकावर दया केली. दुसरीने माणसांच्या जिवाची काळजी केली. दोन शहाणपणं एकमेकांना न विचारता एका दारातून आत शिरली. चूक असलीच तर त्या दाराची, म्हणजे 'चालव'ची आहे. आत कोण आलं, हे त्याने कधी विचारलंच नाही."

पुतण्या जिना उतरून खाली आला होता. चेहरा पडलेला. "पण सगळं लिस्टमध्ये भरलं तर संगणक..."

"मोजून पाहिलंस?"

त्याने पाहिलं नव्हतं. तिथेच मोजलं. क्यू म्हणजे नुसती नावं आणि आकडे, त्यांना चिमूटभर जागा लागत होती. धाप लागत होती ती वादळाच्या आवाजाच्या फायली एकदम उघडल्याने. पुतण्याने कपाळावर हात मारला. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला.

मग मेहुणी आणि पुतण्या दोघं रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली आणि फंक्शनच्या पहिल्या ओळी नव्याने लिहू लागली. मला त्यातलं काही येत नाही, पण ऐकायला मजा आली.

"लिस्ट येवो, टपल येवो, जनरेटर येवो," मेहुणी सांगत होती, "आत शिरताच सगळं एकदाच आपल्या लिस्टमध्ये उतरवून घे. मग मोजणी आणि खेळ दोन्ही तिच्यावर."

"आणि सेट आला तर?"

"सेटला क्रम नसतो, आणि एकच क्यू दोनदा असला तर तो एकदाच ठेवतो. तुमच्याकडे पहाटेच्या आधी वादळ आलं तर चालेल? त्याला कारण सांगून दारातूनच परत पाठव. शिवाय कुणी घाईत एकाच क्यूचं नाव नुसता मजकूर म्हणून दिलं, तर पायथन त्याचं अक्षर न् अक्षर सुटं करेल आणि अक्षराच्या नावाचे दिवे शोधत बसेल. मजकूर आला की तो एकच क्यू समज."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तर 'खेळ पूर्ण' म्हणून हात झटकायचे नाहीत. बोंब मारायची. एकही क्यू नाही, पडदा उघडू नका, असं."

वरून चिमणी म्हणाली, "ती ओळ लाल अक्षरात टाका." मग ती खाली आली. दिग्दर्शक तिच्यासमोर गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "माझं चुकलं." एवढं छोटं वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

मामांशी मात्र ती बोलली नाही.

६

शनिवारी दुपारी नाट्यगृह गच्च भरलं. अंधाराची बातमी गावभर झाली होती, आणि लोकांना आणखी काय पडतं ते बघायचं होतं.

तिसऱ्या घंटेच्या जरा आधी मी बूथमध्ये गेलो. दिग्दर्शक तिथे नखं खात उभा होता. "आज तपासणी राहू दे," तो चिमणीला म्हणाला. "आज्ञा नाही, विनंती आहे. विषाची परीक्षा कशाला? आजचा दिवस निभावून जाऊ दे."

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी व्यवस्थापक. मला शांतता प्रिय आहे. 'राहू दे' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"तपासणी होणार," मागून आवाज आला. दारात मामा होते. आठवडाभर त्या दोघांत शब्द नव्हता. मामा आत आले नाहीत, उंबऱ्यावरच थांबले. "दिवे तिचे आहेत. ती करते तेच बरोबर. मी हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं, पोरी. तुझ्यावर विश्वास ठेवायचं सोडून मी तुला वाचवायला धावलो. चुकलं माझं."

चिमणीने संगणकाकडे तोंड वळवलं आणि तपासणी सुरू केली. बंद पडद्याच्या फटींतून केशरी झळकला, मग खिडकी, मग अंगण, आणि वादळ ओलांडून शेवटी निळा. संगणकावर आलं: सर्व दिवे ठीक. मग घंटा झाली. तिने 'सुरू' दाबलं.

पडदा वर गेला. पहाट झाली. अशी पहाट, की मागच्या रांगेतल्या एका लहान मुलीने मोठ्याने "आई, उजाडलं!" म्हटलं आणि सगळं नाट्यगृह हसलं. वादळाच्या प्रवेशात चिमणीने लावलेल्या उजेडात नायिकेचा चेहरा असा दिसला, की दिग्दर्शकाने डोळे पुसले आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं.

खेळ संपला. टाळ्या थांबेनात. मामा अजून उंबऱ्यावरच उभे होते, आत यायची परवानगी मिळाली नाही अशा माणसासारखे. चिमणीने शेजारची खुर्ची ओढली आणि हाताने तिच्यावरची धूळ झटकली.

"बसा इथे," ती म्हणाली. "उद्याच्या खेळाची तपासणी तुम्ही करायची. कुठलं बटण ते मी सांगते."

"मला जमेल?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज चक्क घाबरलेला होता.

"मला तुम्ही शिकवलंत तेव्हा मी असंच विचारलं होतं का हो, मामा?"

"नाही," मामा खुर्चीत बसत म्हणाले. "तू रडली होतीस."

"मग तुम्ही बरेच पुढे आहात," चिमणी म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरून माउसवर ठेवला.